कुंदाच्या तोंडातला धागा

२४ ऑगस्ट, रविवार

ही वही रक्षाने आणून दिली. म्हणाली, "आप्पा, कुठल्या जनावरानं कधी खाल्लं, कधी शी केली, सगळं लिवून ठेवायचं. मालक इचारत्यात." रक्षा माझी मुलगी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. जनावरं सांभाळायचं हे खूळ तिचंच. मी लिहायला बसलो, पण मालकाला दाखवण्याजोग्या दोन ओळी झाल्यावर माझं भलतंच सुरू झालं. म्हणून खाल्ल्या-प्यायल्याच्या नोंदी भिंतीवरच्या कॅलेंडरवर करणार आहे आणि ही वही माझ्याकडे ठेवणार आहे.

बेळगावच्या वडगावात आमच्या घरात दोन माग होते. सुरतेच्या स्वस्त साड्यांनी एक खाल्ला. तो दिवाळीत मोडीत गेला. दुसरा मागच्या खोलीत अजून खडखडतो, पण अर्धा दिवसच, कारण तेवढंच काम येतं. पुढची खोली रिकामी आणि माझी दुपारही रिकामी. टिळकवाडीतली माणसं गावाला जाताना कुत्री-मांजरं कुठं ठेवायची म्हणून हवालदिल होतात, हे रक्षाला कॉलेजात कळलं. तिनं फोनवर जाहिरात टाकली. बोर्ड नको म्हणाली. बोर्ड म्हटला की कुठली भाषा वर आणि कुठली खाली इथून सुरुवात.

मनिषा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "घरातल्या माणसांकडं बघाय सवड न्हाय आन् लोकांची कुत्री सांभाळणार." पण खोली तिनंच शेणानं नव्हे, फिनाइलनं तीनदा पुसून काढली. पहिला पाहुणा एका वकिलाचं लॅब्राडोर होतं. चार दिवस राहिलं आणि माझी एक चप्पल खाऊन सुखरूप गेलं. समोरच्या सुबरावनं गल्लीत विचारलं, "काय रं, आता कुत्र्यास्नी साड्या नेसवतोस व्हय?" सुबराव जुना विणकर, त्याची जीभ अजून बंद पडलेली नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज ब्राह्मी मॅडम मांजर घेऊन आल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्यात, टिळकवाडीत एकट्या राहतात. मांजराचं नाव कुंदा. रंग खरंच आपल्या बेळगावच्या कुंद्याचा, भाजक्या खव्यासारखा. सहा वर्षांची आहे आणि माझ्याकडे असं बघत होती की परीक्षा मीच द्यायला आलोय.

मॅडमचं माहेर निपाणीचं, जैन घर. आई ब्याऐंशी वर्षांच्या आणि दशलक्षण पर्वाचे दहाही दिवस उपास करणार म्हणून हट्ट धरून बसल्यात. "डॉक्टर नको म्हणतात, ती ऐकत नाही. मला शेजारी बसायलाच हवं. मध्ये उठून येता येणार नाही, अण्णा," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी खोली बघितली, वाटी बघितली, खिडकीची जाळी हातानं दाबून बघितली, आणि मागचा आवाज ऐकून थांबल्या.

"माग कुठं आहे?"

"मागच्या खोलीत. मधलं दार बंदच असतंय."

"दोरा दिसला की ही वेडी होते. खेळता खेळता गिळते. मागं एकदा लोकर गिळली होती, कशीबशी वाचली. एक दिवस कमी खाल्लं तर चालेल, पण ते दार तेवढं बघा."

मी म्हणालो, "मॅडम, तीस वर्षं दोऱ्यात गेली माझी. दोऱ्याचं तुम्ही मला सांगू नका." जरा ऐटीतच म्हणालो. मॅडम हसल्या आणि त्यांनी टोपली माझ्या हातात दिली.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

गल्लीत सकाळपासून फटाक्यांच्या माळा. कुंदा फळीच्या मागे जाऊन बसली, डोळे एवढाले, तोंडातून लाळ. हाक मारली, मासळीचा खाऊ दाखवला, काही उपयोग नाही. मला गणपती आणायला जायच्या आधी साडीचा थोडा पदर संपवायचा होता, म्हणून माग सुरू केला. दहा मिनिटांनी बघतो तर कुंदाबाई मधल्या दाराला अंग लावून बसलेल्या. मागाच्या आवाजात तिला फटाके ऐकू येत नव्हते.

दार थोडं उघडलं. आत आली, माझ्या पायाजवळच्या पोत्यावर बसली आणि झोपली. मी दोऱ्याच्या सगळ्या कांड्या वर टोपलीत ठेवल्या होत्या. तासाभराचाच प्रश्न होता.

मॅडमना फोटो पाठवला, पुढच्या खोलीतला, कालचा.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आता ती सकाळी स्वतःच येऊन दाराशी ओरडते. फटाके नसले तरी. उघडलं नाही तर नखं लावते. मी उघडतो.

खोटं कशाला लिहू, मला बरं वाटतं. मी विणताना तिची मान आडवा धागा नेणाऱ्या धोट्याबरोबर इकडून तिकडे फिरते. तीस वर्षांत माझ्या कामाकडं कुणी असं टक लावून बघितलेलं नाही. मनिषा आहे, पण ती स्वयंपाकघरात चरखा घेऊन कांड्या भरते आणि भरल्या की आणून ठेवते, तिचं तिचं काम. मागावरच्या हिरव्या साडीच्या कांड्या तिनं श्रावणातच भरून दिल्या. आता ती पुढच्या जांभळ्या साडीच्या भरते आहे. तिची चाहूल लागली की मी कुंदाला उचलून पुढच्या खोलीत ठेवतो. उगाच बोलणं नको.

जेवताना मनिषानं माझ्या बाहीवरचा तांबूस केस चिमटीनं उचलला. "लई अंगाला लागलीया तुमच्या," म्हणाली आणि भाजी वाढली. तिला काही कळलं नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

काय झालं ते नीट लिहितो.

दुपारी एकला माग बंद करून हात धुवायला गेलो. दार उघडंच राहिलं. आलो तेव्हा कुंदा पोत्यावर बसून पंजानं तोंड पुसत होती. तोंडाच्या कोपऱ्यातून हिरवा धागा लोंबत होता, चार बोटं असेल. कांड्यांची टोपली खाली आली होती.

मी ओढला. विचार केला नाही. मागावर टोक दिसलं की आमचा हात आपोआप जातो. दोन बोटांत पीळ द्यायचा आणि हलके हलके घ्यायचा, झटका द्यायचा नाही. तसाच घेतला. वीतभर आला आणि अडकला. ती ओरडली, पण असा धागा सोडून दिला तर गुंता वाढतो हे हाताला माहीत, म्हणून आणखी थोडा ताण दिला. तुटला.

हातात वीतभर ओला धागा राहिला. बाकीचा किती आत आहे कुणास ठाऊक. जसा गेला तसा दुसऱ्या बाजूनं पडेल. मांजरं काय काय खातात.

टोपली वर ठेवली, दार लावलं. मनिषा देवळात गेली होती, रक्षा मैत्रिणीकडे. वीतभर धागा चुलीत टाकला.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आली. घर बायकांनी भरलेलं. कुंदानं सकाळी खाल्लं नाही, दुपारी पाणी प्यायली आणि ओकली. मनिषा दोनदा मध्येच उठून तिला बघून आली. मी म्हणालो, फटाक्यांनी झालं असेल.

मॅडमचा निरोप आला, 'आईचा चौथा उपास. बोलत नाही, पण डोळ्यांनी हसते. कुंदा कशी आहे?' मी लिहिलं, 'मजेत आहे.' सोबत मंगळवारचाच दुसरा फोटो.

१ सप्टेंबर, सोमवार

टिळकवाडीत डॉक्टर नागराज आहेत, त्यांच्याकडे नेलं. मी एकटाच गेलो. त्यांनी तिचं तोंड उघडून जिभेखाली बॅटरी लावून बघितलं. मला तेव्हाच कळलं की ते काय शोधतायत. जिभेखाली काही नव्हतं. असेल तरी कसं?

"दोरा, रिबन, असलं काही खाल्लं होतं का? नीट आठवून सांगा," त्यांनी विचारलं.

मला दार दिसलं, मॅडम दिसल्या, आणि माझं ते ऐटीतलं वाक्य ऐकू आलं. मी म्हणालो, "न्हाय डॉक्टर. दार बंदच असतंय."

त्यांनी सलाइन दिलं, ओकारीचं इंजेक्शन दिलं. मालकीण जवळ नसली की मांजरं खाणं सोडतात, असंही असेल म्हणाले. उद्या फरक नाही पडला तर आणा. वाटेत मी स्वतःशी म्हटलं, डॉक्टरच म्हणाले ना. पण ते मी सांगितलेल्यावर म्हणाले होते.

२ सप्टेंबर, मंगळवार

फरक नाही. पाठ वर काढून बसते, पोटाला हात लावू देत नाही. आता डॉक्टरना सांगावं तर काल का नाही सांगितलं असं विचारतील. कालच सांगायला हवं होतं. दिवसागणिक अवघड होत चाललंय.

आज गौरीचं विसर्जन म्हणून नेता येणार नाही असं मी घरात सांगितलं. मनिषा बराच वेळ माझ्याकडे बघत होती. प्रसादाचं ताट माझ्याकडून कलंडलं म्हणून असेल.

३ सप्टेंबर, बुधवार

सकाळी मनिषानं आपल्या जुन्या लुगड्यात कुंदाला गुंडाळलं आणि दारात उभी राहिली. "चला," म्हणाली. मी सांगत होतो की जरा दुपारी जाऊ, पण तिनं रिक्षाही थांबवली होती.

डॉक्टरांच्या टेबलापाशी मी तोंड उघडायच्या आत ती बोलली. "डॉक्टर, आमचं विणकराचं घर. माझ्याकडनं दोऱ्याची कांडी खाली राहिली. हिनं दोरा गिळलाय. माझीच चूक हाय."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. बिचारी तीन दिवस हेच मनात घेऊन बसली होती तर. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, पोट दाबून बघितलं आणि लगेच ऑपरेशन करायला हवं म्हणाले. मी निपाणीला फोन लावला. मॅडमनी होकार दिला आणि कारण न विचारता ठेवला.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. ताटलीत धागा होता, हातभर, धुतलेला, हिरवा. मनिषानं तो बघितला आणि पदर तोंडाला लावला. डॉक्टर म्हणाले, आतडं चुण्या पडून गोळा झालं होतं आणि एका जागी धाग्यानं कापलं गेलंय, तेवढा तुकडा काढावा लागला. "हा कोणी ओढला होता का? तोंडातून दिसणारा दोरा कधी ओढायचा नसतो. आत करवतीसारखा चालतो तो."

मनिषानं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत होतो, कुत्र्याच्या पिल्लाला कितव्या आठवड्यात काय द्यायचं ते. सगळा वाचून काढला.

"मीच वढला आसंल," मनिषा म्हणाली. "ध्यानात न्हाय."

जगेल की नाही ते दोन दिवसांनी कळेल. ही गोष्ट इथं लिहितोय म्हणजे कुठंतरी सांगितली असं मला वाटतं, पण ही वही कपाटात साड्यांच्या खाली असते.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी मॅडमचा फोन आला. डॉक्टरांकडून त्यांना सगळं कळलं होतं. मनिषाला द्या म्हणाल्या. रक्षानं स्पीकर लावला. प्रसाद घेऊन सुबराव आलेला, तोही उभा.

"बाई, मी एकच गोष्ट सांगितली होती. एकच," मॅडम म्हणाल्या. "इथं माझी आई आठ दिवस अन्नाविना आहे, मी तिला सोडून येऊ शकत नाही, आणि तुम्हाला एक वस्तू जागेवर ठेवता येत नाही? वर ओढलात? तुम्हाला मुकं जनावर म्हणजे चिंधी वाटली काय? विश्वास ठेवला हेच चुकलं माझं."

"चुकलं मॅडम," मनिषा म्हणाली. फोनसमोर हात जोडून उभी होती. फोनमध्ये हात दिसत नाहीत. "पाया पडतो तुमच्या."

मी उठलो आणि मागच्या खोलीत जाऊन माग सुरू केला. म्हणजे मला ऐकू येऊ नये. पाच मिनिटं नुसताच चालवला, धोट्यात कांडी नव्हती.

नंतर रक्षा आईवर चिडली. "आई, एवढं पन कळंना व्हय तुला? माझ्या मैत्रिणीनं नाव सुचवल्यालं मॅडमना." मनिषा चरख्यापाशी जाऊन बसली. सुबराव जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बायकांच्या जातीला सांगून उपेग न्हाय गा." मी मान हलवली असेन.

५ सप्टेंबर

मॅडमचा मला वेगळा निरोप. 'अण्णा, तुम्ही सोमवारीही नेलं होतंत असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही होतात म्हणून वाचली तर वाचेल.' तीनदा वाचला. उत्तर म्हणून हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

कुंदानं चमचाभर पातळ खाल्लं. डॉक्टर म्हणाले, आता जगेल. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो. शेजारी एक बाई ससा घेऊन बसल्या होत्या, त्यांनी मला पाण्याची बाटली दिली.

घरी येऊन मनिषाला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला, पण मला वाटला होता तेवढा नाही. मी म्हणालो, आता सगळं मिटलं. ती गणपतीच्या आरतीचं तबक घासत राहिली.

८ सप्टेंबर, सोमवार

मॅडम आज निपाणीहून थेट आल्या. आईचे दहा उपास पार पडले, काल पारणं झालं. आधी दवाखान्यातून कुंदाला घेतलं आणि टोपलीसकट आमच्या दारात. मला वाटलं, आता समोरासमोर बोलणी खायची वेळ आली मनिषावर.

मॅडम आत आल्या, टोपली खाली ठेवली आणि मनिषासमोर हात जोडून वाकल्या. मनिषा घाबरून मागे सरकली.

"आमच्यात आज क्षमावाणी," मॅडम म्हणाल्या. "दहा दिवस झाले की ज्याला ज्याला दुखावलं त्याची माफी मागायची असते. मी त्या दिवशी फोनवर तुम्हाला नाही नाही ते बोलले. चूक कुणाकडूनही होते, पण तुम्ही ती स्वतःहून डॉक्टरांना सांगितलीत, म्हणून ही वाचली. आणि त्याच तोंडाला मी शिव्या दिल्या. आईनं ऐकलं ते. बोलायची ताकद नव्हती तिला, तरी पाटीवर लिहिलं, आधी तिच्याकडं जा. उत्तम क्षमा, मनिषाताई."

मनिषानं त्यांचे हात धरले. "मॅडम, तसं नगा करू. मी केव्हाच इसारलो."

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. तसेच हात जोडले. "अण्णा, तुमच्याबद्दलही क्षणभर वाईट विचार आला होता मनात. वाटलं, दार यांनीच उघडं ठेवलं असेल. कळत नकळत चुकलं असेल, क्षमा करा."

आणि मी म्हणालो, "केली, मॅडम."

हे दोन शब्द माझ्या तोंडातून गेले. त्यांनी मान लववली, टोपली उचलली आणि रिक्षा बघायला गल्लीच्या तोंडाशी गेल्या.

मनिषा माझ्यासमोर उभी होती. आवाज न चढवता म्हणाली, "पंधरा दिस झालं, मी जांभळ्या कांड्या भरतोय. हिरव्या तुमच्याच खोलीत हुत्या. तुमच्या बाहीवर केस रोज दिसत हुता. चुलीच्या राखंत जळक्या रेशमाचा वास आला शनवारी." तिनं पदर खोचला. "मला वाटलं, डॉक्टरफुडं बोलशीला. मग वाटलं, फोनवर बोलशीला. मग आत्ता."

मी गल्लीत पळत गेलो. सुबराव ओट्यावर होता, तिथंच, त्याच्यासमोर, मॅडमना सगळं सांगितलं. दार, पोतं, धागा, चूल, सोमवारचं खोटं. मध्येच रिक्षा आली आणि थांबून राहिली. मॅडम टोपलीच्या जाळीवर हात ठेवून ऐकत होत्या. संपल्यावर मी हात जोडले.

त्यांनी टोपली रिक्षात ठेवली. मग म्हणाल्या, "आज नाही म्हणायचा दिवस नाही, अण्णा. म्हणून केली असं म्हणते. मनातून व्हायला वेळ लागेल." रिक्षात बसल्यावर विचारलं, "आणि ताईंची क्षमा मागितलीत?"

घरी आलो. मनिषा भाकरी थापत होती. मी चुलीपाशी बसलो आणि म्हणालो, "मॅडमना सांगितलं. सुबराव होता, त्यालाही कळलं. मांजराच्या बाबतीत माझं चुकलं, मनिषा. मला माफ कर."

"मांजराचं व्हय?" ती म्हणाली. भाकरी उलटली, काठ फडक्यानं दाबला. "मांजराचं कवाच केलं माफ. तुमास्नी ठावं नव्हतं वढायचं नसतंय त्ये."

मी वाट बघत होतो की ती आणखी काही बोलेल. तिनं भाकरी माझ्या ताटात टाकली, पाणी ठेवलं, आणि चरखा घेऊन पलीकडच्या कोपऱ्यात, माझ्याकडे पाठ करून बसली.

मी फोनसमोर जोडलेले तिचे हात आठवत जेवलो. जेवण झालं तरी उठलो नाही. ती कांड्या भरत होती आणि मी तिथंच बसून, तीस वर्षांत पहिल्यांदा, तिचं काम बघत होतो. मला जे मागायचं होतं त्याला शब्द सापडत नव्हता. ती वळून बघत नव्हती.